रोबोच्या पोटातला पापड

आमच्या साळवे मॅडम पाण्याखाली जाणाऱ्या रोबोच्या पोटात पापड ठेवायच्या. भाजलेला, उडदाचा, मलमलीत गुंडाळून. नट आवळले की रोबो पाण्याच्या टाकीत. बाहेर काढला की पापड मोडायचा. कट्ट वाजला तर पास. सादळला तर पाणी शिरलं, खोला सगळं परत! ओलावा सांगणारा सेन्सर होताच, पण मॅडम म्हणायच्या, "सेन्सरची बॅटरी जाती. पापडाची जाती का?"

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात त्या चाचणी विभागाच्या प्रमुख. मूळच्या देवगाव रंगारीच्या, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअर, आणि जीभ मिरचीची. मी नवा असताना पापड बघून फिदीफिदी हसलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हसून घे लेका. समुद्र हसत नाय, सरळ आत येतो." खुद्द बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, हे मला नंतर कळलं.

तोवर आमचे रोबो धरणाच्या भिंती तपासायचे. मग समुद्राचं काम आलं. जिथं पाणबुड्याचीही डाळ शिजत नाही, त्या काळ्याकुट्ट तळाशी कॅमेरा न्यायचा, तिथले जीव टिपायचे. मॅडमच्या नोकरीचा तो शेवटचा महिना. "ही पोरगी बुडाली तर माझं नाव बुडालं," असं त्या रोबोकडे बघत सारखं म्हणायच्या.

रोबो समुद्राकडे निघायच्या दिवशी पापड सादळलेला! सेन्सर गप्प. मालक म्हणाले, "मॅडम, ढगाळ हवा आहे, सादळणारच. गाडी दारात उभी आहे."

"मग गाडीला चहा पाजा. मी पाठवणार नाय."

रोबो खोलला. आत थेंबभर पाणी, आणि झाकणाच्या रबरी कड्याखाली अडकलेला एक दोरा. कशाचा? मॅडमच्याच मलमलीचा! आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. मॅडम मात्र पोट धरून हसल्या. "घ्या! चोर घरातलाच निघाला!" मलमल गेली, भोकं पाडलेली स्टीलची डबी आली. पुन्हा चाचणी, पुन्हा कट्ट. मग डबीत नवा पापड ठेवून झाकण लावताना त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी सासरी चालली. ही तिची पाठराखीण."

रोबो परत आला तेव्हा मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. रोबो उघडल्या उघडल्या मी डबी हवाबंद पिशवीत घातली आणि एसटीनं देवगाव गाठलं. आधी मोबाईलवर तळ दाखवला. अंधार, आणि दिव्याच्या उजेडात तुरुतुरु चाललेला एक पांढराफटक खेकडा.

"अगं बया! लोक समुद्र वरनं बघतात. मी खालूनच सुरुवात केली की!"

मग डबी उघडली. त्यांनी पापड मोडला. कट्ट! मी उडालोच. पण बाईंचं समाधान होईल तर शपथ. अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत बसल्या. मला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून मीही माझा तुकडा तोंडात टाकला.

"मीठ लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"लागतंय."

"ते पापडाचं. समुद्राचं नाय." त्यांनी डोळे उघडले. "पास!"