समोरच्या नळीतलं रक्त

ईट गावच्या सिताबाई चार म्हशी राखतात. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, जनावरं विका. त्यांनी दोनाच्या चार केल्या. दूध उत्तरेश्वरच्या खव्याच्या भट्टीला जाई.

जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापावर आमच्या मेडिकल कॉलेजात संशोधन चालू आहे. त्यासाठी गुरं राखणाऱ्यांच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. गावातल्या शिबिरात सिताबाईंनी दिलेलं रक्त चुकून बर्फाच्या पेटीत राहून गारठलं, म्हणून पेशी नीट सुटल्या नाहीत. ईटला, उत्तरेश्वरच्या भट्टीवर, निरोपाचा फोन मीच केला : सिताबाईंचं रक्त खराब निघालं, पुन्हा लागेल. कारण सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी उत्तरेश्वरनं चौघांदेखत, रक्तातच खोट आहे म्हणत, त्यांचं दूध परत केलं.

तिसऱ्या दिवशी सिताबाई त्यालाच घेऊन प्रयोगशाळेत आल्या. तंत्रज्ञ शाहीननं चूक कबूल करून माफी मागितली. तेवढ्यावर त्या उठल्या नाहीत. आत्ता काढा, ह्याच्या डोळ्यांदेखत, म्हणाल्या. शाहीन म्हणाली, यंत्रात एकच नळी फिरवता येत नाही, समोर तेवढ्याच वजनाची दुसरी लागते; तीत पाणी भरते.

"पाणी कशाला? ह्याचं घ्या की."

"मावशी, मला काय झालंय?"

"मला तरी काय झालंय? सुईला भ्यालास व्हय?"

उत्तरेश्वरनं संमतीच्या कागदावर सही केली आणि बाही वर सारली.

शाहीननं रक्त पातळ केलं. दोन नळ्यांत आधी एक जड, पारदर्शक द्रव घेतला आणि त्यावर काचेच्या कडेनं रक्त थेंबाथेंबानं सोडलं, एकमेकांत मिसळू न देता. यंत्र अर्धा तास फिरलं. नळ्या बाहेर आल्या तेव्हा तळाला लाल, वर पिवळसर पाणी, आणि मधे पांढुरकं कडं. दोन्हींत सारखंच. चिठ्ठी वाचल्याशिवाय कुणाची कुठली ते कळत नव्हतं.

शाहीननं स्पष्ट सांगितलं, यावरून आजार आहे की नाही ते कळत नाही. पण मावशींचं रक्त खराब आहे, असं म्हणायला आम्हाला कधीच आधार नव्हता.

उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला, "उद्यापासनं दूध आणा."

"आणत न्हाय. चौघांत बोललास, चौघांतच माघारी घे."

फोन माझा होता, म्हणून सकाळी मीही ईटला गेलो. भट्टीपाशी गवळी जमले होते. माझी चूक मी सांगितली. मग उत्तरेश्वर पुटपुटला, सिताबाईंच्या रक्तात खोट नाही, चुकलं माझं.

सिताबाईंनी किटलीच्या झाकणावर हात तसाच ठेवला.

"मागच्यास्नी ऐकू आलं न्हाय."

तो पुन्हा, मोठ्यानं बोलला. मग त्यांनी झाकण काढलं.