यशवंताचा त

बुधवार पेठेतल्या छापखान्यात आमचा यशवंत जन्मभर खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवायचा. कुस्त्यांच्या दंगलीची पोस्टरं त्याच्याकडंच. गल्ल्या अरुंद, चिकटवायच्या भिंती त्याहून अरुंद, आणि पैलवानांची नावं ही लांबच लांब! म्हणून यानं सागवानी खिळे स्वतः कोरले. उंच, अंग चोरलेली अक्षरं, पायाशी जाड चौकोनी ठोकळे. लांबून बघावं तर पैलवानच लंगोट कसून ओळीत उभे. माप इतकं मोठं, की एका अक्षराचा एकच खिळा. नावात तेच अक्षर पुन्हा आलं, की खिळा सरकवून त्याच कागदावर पुन्हा दाबायचा.

छापखान्याचा रिवाज असा, की खांडेनवमीला यंत्राची पूजा झाली म्हणजे कामगारानं आपल्यासाठी एक कागद छापून काढावा. यशवंतानं आधी बरीच वर्षं देवाचं नाव काढलं, मग आईचं, मग पोराचं, चेतनचं. स्वतःचं राहिलंच. तेवढ्यात फ्लेक्स आले, छापखाना बसला, खिळे घरी पलंगाखाली गेले.

यंदा नवमीला आपलं नाव काढायचंच म्हणून म्हाताऱ्यानं पलंगाखाली हात घातला, तर तिथं चपला.

"पडूनच होते ना, बाबा," चेतन म्हणाला. "दीपकला दिले, त्याच्या कॉफीच्या हॉटेलात लावायला. एकदम जुना लुक आला."

यशवंत शाई-कागद घेऊन निघाला. शेजारचा मीही मागं गेलो; असली गंमत कोण सोडतो?

भिंतभर खिळे चिकटवलेले. एक पोरगा कॉफी पीत म्हणतो, "अरे, ये तो सब उलटे हैं. बनानेवाला अनपढ था क्या?" मला हसू आवरेना. खिळा उलटाच कोरतात, तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. पण ते सांगायला यशवंताला सवड कुठं? त्याला य सापडला होता. बोटानं शाई फासली, कागद दाबला. मग शेजारी श. मग स्टुलावर चढून वं. पोरं मोबाइलवर शूटिंग करायला लागली.

"त कुठंय रे, दीपक?"

दीपकनं पायानंच दाखवला. टेबल डुगडुगायचं, म्हणून त त्याच्या पायाखाली स्क्रूनं बसवला होता, तोंड फरशीकडं. म्हातारा रांगत टेबलाखाली शिरला. बसलेल्यांनी पाय वर घेतले.

"जरासा काढ ना, दादा. लगेच परत देतो."

"टेबल हलेल, काका. कस्टमर बसलेत."

कुणीतरी कळवलं असावं, चेतन धावत आला. "बाबा, काय इज्जत काढली माझी! भिंत काळी केली सारी. पुसा आधी."

थिनर मिळालं, फडकं काही मिळेना. दीपकनं यशवंताच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं.

कागद जाड होता. खिळ्यांवरची शाई छान निघाली.