‘नको’चा रकाना

“बजारातली जागा तुह्या जावेले देऊन टाकू का?” नामदेवरावांनी बायकोला विचारले.

“हाव,” वत्सलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या डाव्या हाताने मात्र पदराला पीळ घालून मूठ आवळली होती. मी समोरच बसले होते. मला शब्दापेक्षा ती मूठ अधिक स्पष्ट ऐकू आली.

वत्सलाबाई साखरखेर्ड्याच्या आठवडी बाजारात मेथी विकत. लकव्याने त्यांचा उजवा हात दुबळा झाला आणि वाचा गेली. उरला तो एकच शब्द: ‘हाव’, म्हणजे हो. मेंदूला असा आघात झाला की मनात काहीही असो, ओठांवर तेवढाच शब्द येऊ शकतो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानंतर माणसाला त्याची रोजची कामे परत मिळवून देणे हे माझे काम, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे गोल, म्हणजे उद्दिष्ट, ठरवणे.

आमच्या पुनर्वसन सेंटरच्या डॉक्टरांच्या मते गोल पूर्ण झाला होता.

“चालतात ना त्या? फाइल क्लोज करा.”

“सर, चालायचं हे त्यांनी ठरवलं होतं का?”

“मीच विचारलं होतं. हो म्हणाल्या.”

मी वत्सलाबाईंकडे वळले. “तुमचं नाव शांताबाई का?”

“हाव.”

“तुम्ही आमदार आहात?”

“हाव.” आणि त्या स्वतःच हसू लागल्या.

नामदेवराव हसले नाहीत. “म्हंजे इतक्या दिवसापासून मी इले इचारून राह्यलो, ते सारं फुकट?”

सरांनी घड्याळ पाहिले. “एक आठवडा घ्या.”

मी टॅबवरचे अ‍ॅप उघडले. त्यात कामांची चित्रे असतात आणि तीन रकाने: हवे, नको, नंतर. चित्र बोटाने सरकवायचे. दात घासणे, शर्टाची बटणे, जिना, कमोड... एकेक चित्र ‘नको’त गेले. मी निराश व्हायला हवे होते, पण मला आनंदच झाला. तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा नकार दिला होता.

“घरचे, शेतातले, बाजारातले फोटो काढून आणा,” मी नामदेवरावांना सांगितले.

“कायचे काढू, मॅडम?”

“दिसेल त्याचे.”

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. त्यानंतर फोटो आले: विहीर, म्हैस, वाफे, मेथीच्या जुड्या, आणि वत्सलाबाईंच्या जागेवर पोते अंथरून बसलेली जाऊ. जावेचा फोटो ‘नको’त गेला, इतक्या जोराने की टॅबच सरकला. जुड्यांचा फोटो ‘हवे’त गेला आणि त्यावरचे बोट उचललेच गेले नाही.

“मंग हाव काऊन म्हणाली वं?” नामदेवरावांचा आवाज ओला झाला.

“हाव,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

नवा गोल लिहिला: सहा आठवड्यांत वीस जुड्या स्वतः बांधणे. ठरवलेला गोल नेमका गाठला तर अ‍ॅपमध्ये शून्य नोंदवतात. कमी पडले तर उणे, पुढे गेले तर अधिक. थेरपी रूम कोवळ्या मेथीच्या कडसर, मातीओल्या वासाने भरून गेली. उजव्या पंजाने जुडी दाबून धरायला मी शिकवत होते आणि जुडी दर वेळी सुटत होती. रोजच्या सरावाचा व्हिडिओ आम्ही टॅबवर पाहत असू. एके दिवशी त्यांनी तो मध्येच थांबवला, स्वतःच्या हाताकडे बराच वेळ पाहिले, चप्पल काढली, सुतळीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरले आणि डाव्या हाताने ओढले. गाठ घट्ट बसली. ही पद्धत मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

नामदेवरावांची काळजी वेगळी होती. “गिराईक म्हणन अर्ध्या भावात दे, अन् ही म्हणन हाव.”

वत्सलाबाईंनी टॅब ओढून घेतला. ‘नको’तला जावेचा फोटो शोधला आणि ‘हवे’त, जुड्यांच्या शेजारी आणून ठेवला.

सहाव्या आठवड्यात मी बाजारात गेले. एकाच पोत्यावर दोघी बसल्या होत्या. जाऊ भाव बोलत होती, वत्सलाबाई बांधत होत्या. एकतीस जुड्या झाल्या. मी अ‍ॅपमध्ये अधिक एक नोंदवले.

हल्ली नवा पेशंट आला की मी आधी त्याचे नकार नोंदवून घेते. होकारावर गोल ठरवणे फार सोपे असते. फक्त तो गोल बहुधा पेशंटचा नसतो, आपलाच निघतो.