दाब, डोकावू नकोस

भाचीच्या साखरपुड्याच्या सकाळी दाढी करताना मी हनुवटी कापून घेतली. तेवढ्यावर भागलं असतं; पण रक्त थांबलं का, हे बघायला सारखा कापूस उचलण्याचा उद्योगही केला. नव्या सदऱ्यावर ठिपके पडले तेव्हा बायकोनं मला रिक्षात कोंबलं आणि भिवंडीतल्याच निजामपुऱ्यात आमच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कापूस फेकला, पट्टीची घडी ठेवली आणि स्वतःचा अंगठा माझ्या हनुवटीवर रोवला. ही त्यांची जुनी पद्धत. लूमवरचा कामगार असो की नगरसेवक, बारीकसारीक जखमेवर ते स्वतः अंगठा धरून बसत आणि गप्पा मारत. कामगाराला "दबाके रख, झाँक मत," आम्हाला "दाब, डोकावू नकोस." तुमच्याही ओळखीत असा एखादा डॉक्टर असेल, ज्याचं निम्मं औषध बोलण्यातच असतं.

शेजारच्या गाळ्यात माग खडखडत होते. त्यांच्यावर आवाज चढवून डॉक्टर म्हणाले, "फट पडली की आधी रक्तातल्या बारीक पेशी धावत येऊन तिथं चिकटतात. मग धागे तयार होतात, त्यांचं जाळं विणलं जातं, त्यात रक्त अडकून गुठळी होते. आणि तू? भिवंडीचा असून सारखा मागावरचा ताणा उपसून बघतोस, कापड झालं का!"

बायकोला हसू आवरेना. "घरी भाताचंही असंच, डॉक्टर. दर मिनिटाला झाकण वर."

हनुवटी दाबलेली, त्यामुळे मी दातांतूनच म्हणालो, "हे सगळं त्या रक्त पातळ करायच्या गोळीमुळं. आजपासून बंद करतो." माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आहे, गोळी तेव्हापासूनची.

डॉक्टरांचं हसू थांबलं. अंगठा मात्र हलला नाही. "आपल्या मनानं बंद करायची नाही. हेच जाळं आत त्या स्प्रिंगवर विणलं गेलं तर नळी बंद. इथं वाहिलं तर मी दाबून धरीन. तिथं माझा अंगठा पोचत नाही रे."

साखरपुड्यात मी हनुवटीला पट्टी लावून मिरवलो. व्याह्यांनी हळूच विचारलं, "घरी काही झालं का?"

आता डॉक्टर नाशिकला लेकीकडे असतात. दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. गोळीची चौकशी करायला त्यांचा फोन येतो, पण तो हिला. माझ्यावर भरवसा नाही.

परवा कैरी चिरताना माझं बोट कापलं. मी फडकं उचलून बघणार, तोच बायकोनं फडक्यासकट बोट घट्ट धरलं आणि तिच्या माहेरच्या कुठल्याशा लग्नातला रुसवा सांगायला घेतला. नवरदेव रुसला, मनवला, वरात निघाली; फडकं लाल होतच होतं.

"अजून थांबत नाही गं," मी म्हणालो.

"म्हणजे गोळी घेतलीत," पकड सैल न करता ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगते. खूश होतील."