राक्षस मेल्याशिवाय पंगत नाही

आमच्या निमोण्यात श्रावणात पोथी लागायची. शेवटच्या दिवशी दुपारी पोथीतला राक्षस मरायचा, पोथी सांगणारा माइकवर ‘मेला’ म्हणायचा, घंटा वाजायची आणि मगच पंगत जेवायची. त्याआधी कुणी घास तोंडात घालायचा नाही, असा रिवाज. पहिलं पान पोथी सांगणाऱ्याचं, पोथीसमोरच.

सांगायला माझे चुलते, म्हणजे गावाचे आप्पा. कारेगावाकडं कारखाने नवे नवे आले त्या सुमारास त्यांच्या डोक्यात शिरलं की पोथीतलं सगळं आपल्या आतच आहे. नगरी म्हणजे शरीर, वेशी म्हणजे इंद्रियं, राक्षस म्हणजे राग. ज्यानं राग जिंकला त्यानं पोथी वाचली, बाकीच्यांनी नुसती पानं उलटली. हे सांगणारा माणूस सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या धाकट्या भावाशी, माझ्या वडिलांशी, कित्येक वर्षं बोलत नव्हता. निरोप द्यायचाच झाला तर आप्पा तो आमच्या म्हशीला सांगत आणि वडील शेजारी उभे राहून ऐकून घेत. वडिलांना पाण्याचं काही नव्हतं, त्यांना भाऊ हवा होता. दर पंगतीला ते मुद्दाम आप्पांच्या पानापाशी घुटमळत. मला त्यांची कीव यायची आणि आप्पांचा संताप.

तर एका वर्षी शेवटच्या दिवशी बाण लागला, राक्षस पडला आणि आप्पा गप्प. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मेला का? आप्पा पडले प्रामाणिक. माइकवर म्हणाले, “पोथीतला मेला. माझ्यातला न्हाई मेला. खोटं कसं बोलू?”

झालं. आप्पा डोळे मिटून आतल्या राक्षसाच्या मागं लागले आणि वाढलेल्या पानांवर बसलेलं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलं. कारखान्यातली पोरं सेकंड शिफ्ट चुकणार म्हणून कुरकुरू लागली. स्पीकर लावणारे मामा गावातल्याच मुसलमान घरातले. ते म्हणाले, रोजासुद्धा वेळ झाली की सुटतो, ह्याला काय वेळ हाय का न्हाई. राक्षस कितपत उरलाय ते बघायला म्हाताऱ्यानं आप्पांच्या बैलांना नावं ठेवली. आप्पांच्या मिशा थरथरल्या. अजून जित्ता हाय, असा निकाल देऊन म्हातारा जागेवर जाऊन बसला.

वडील आमटीची बादली घेऊन आप्पांच्या पानासमोर उभे होते. अवघडून त्यांनी ओगराळं बादलीवर आपटलं. आप्पांनी खाडकन डोळे उघडले.

“आमटी निवली की रं! वाढ आता, का मुहूर्त काढू?”

मग म्हाताऱ्यानं शंका काढली की ह्यांना तर राग आला, म्हणजे घंटा वाजवता यायची नाही, आणि त्यावर मागं वाद सुरू झाला. वडिलांचं तिकडं लक्षच नव्हतं.

“दादा, मला म्हणलास?”

आप्पांनी मान खाली घातली. “व्हय. तुलाच.”

वडील वाढायला लागले ते थांबेनातच. द्रोण भरला, आमटी पानावरून ओघळून आप्पांच्या धोतरावर गेली. आप्पांनी हात आडवा धरला नाही.