सतराव्या मजल्यावरचा शेजार

हेमलता दुधाणे नाशिकहून बदली होऊन आमच्या दिल्लीच्या ऑफिसात आली ती मार्चमध्ये, एकटीच. तिच्या नवऱ्याला, उल्हासला, त्याची कंपनी नोएडाच्या शाखेत पाठवायला तयार झाली होती. तो, दहा वर्षांची वैभवी आणि हेमलताच्या सासूबाई, कौशल्याबाई, जूनमध्ये येणार होते. तोवर घर शोधायचं काम तिचं. ती कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरली होती आणि रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसून मोबाइलवर नकाशा उघडायची.

मी कित्येक वर्षं दिल्लीत आहे, लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क माझाच, असं मी धरून चालले होते. पहिल्या रविवारी तिला आमच्याकडे जेवायला नेलं. जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या मिश्रा आंटी भेटल्या. त्यांनी विचारलं, पति क्या करते हैं, बच्चे कितने, एकच का, दुसरं का नाही. सगळं पायरीवर उभ्या उभ्या, आणि अगदी प्रेमानं. हेमलता हसून उत्तरं देत होती, पण घरात आल्या आल्या तिनं दार लावून घेतलं.

"संपदाताई, इथं नको," ती म्हणाली. "क्वार्टर मिळालं तरी नको."

मग मी मयूर विहार सुचवलं. तिथं मराठी कुटुंबं बरीच आहेत, गणपतीत कार्यक्रम असतात, सासूबाईंना बोलायला माणसं मिळतील.

"मराठी आहेत ना? मग तर नकोच."

परक्या शहरात येणारं प्रत्येक माणूस आधी आपली माणसं कुठं आहेत ते विचारतं. ही उलट सांगत होती.

कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं. वैभवी त्यांनी दत्तक घेतलेली. सात महिन्यांची असताना घरी आणली. तिला कधी, कसं सांगायचं हे नवरा-बायकोनं एका समुपदेशक बाईंशी बोलून ठरवलंही होतं. पण नाशिकच्या सोसायटीत एका हळदीकुंकवाला शेजारणीनं सहा वर्षांच्या पोरीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तुझी खरी आई कोण ते घरी विचार हं." पोरगी घरी आली, चपला काढता काढता तिनं विचारलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती खाली खेळायला गेली नाही. जी ती मुलगी तिला तोच प्रश्न विचारायची.

"मला असं घर हवंय," हेमलता मला म्हणाली होती, "जिथं आमच्याबद्दल कोणाला काही म्हणजे काहीच माहीत नसेल."

तसं घर तिला नोएडात सापडलं. उंच टॉवर, सतरावा मजला, जवळ मेट्रो. ब्रोकरनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मैडम, यहाँ कोई किसी से मतलब नहीं रखता." हेमलतानं त्याच दिवशी हो म्हणून टाकलं.

घरचे आले. तिनं सगळ्यांना बजावलं, बाहेर हिंदीत बोलायचं, नमस्ते म्हणायचं आणि पुढं जायचं. घरातलं काही कोणाला सांगायचं नाही. उल्हासला हे थोडं जास्त वाटलं, पण त्यानं ते मान्य केलं. वैभवी दोन महिन्यांत दिल्लीवालीच झाली, "अच्छा", "यार" करत शाळेत रमली. बायकोच्या मनासारखं झालं, मुलगी हसायला लागली, यापुढं उल्हासला काय हवं होतं?

खरी पंचाईत कौशल्याबाईंची झाली. जन्मभर ओट्यावरून शेजारणीला हाक मारणारी बाई. इथं ओटा नाही, शेजारीण नाही, हिंदी जेमतेम. सकाळी सगळे गेले की त्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मोठ्यानं स्वतःशीच बोलायच्या. हेमलताशी वाद व्हायचे तेही तिथंच.

मजल्यावर चार दारं. समोरच्या दारावर इंग्रजीत 'मल्होत्रा' अशी पाटी. तिथं एकटे राहणारे एक म्हातारे गृहस्थ, उंच, स्वच्छ शर्ट, हातात काठी. लिफ्टमध्ये भेट झाली की हेमलता म्हणायची, "नमस्ते मल्होत्राजी." तेही मान लववून "नमस्ते जी" म्हणायचे. त्यांचं हिंदी अस्सल दिल्लीचं. पाच महिने इतकंच.

दिवाळी झाली. कामवाल्या बायका छठपूजेला गावी गेल्या, मजल्यावरची दोन घरं सुट्टीवर गेली. अशाच एका सकाळी कौशल्याबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भिंतीतून कोणीतरी हाक मारतंय."

हेमलता डबा भरत होती. "टीव्ही असेल कोणाचा."

"टीव्ही नाही. मराठीत हाक मारतंय."

उल्हास आत जाऊन आला. त्याला काही ऐकू आलं नाही. वैभवीही कान लावून आली आणि म्हणाली, "आजी, पाइप का आवाज है." सगळे आपापल्या वाटेला गेले. संध्याकाळी हेमलता परतली तर कौशल्याबाई जेवल्या नव्हत्या. "दिवसभर येतोय गं आवाज. बारीक झालाय आता."

हेमलता न्हाणीघरात उभी राहिली. नळ गळत होता, वरून कोणाचं तरी पाणी वाहत होतं, बाकी काही नाही. रात्री ती उल्हासला म्हणाली, "आईंना डॉक्टरला दाखवायला हवं. एकटं राहून त्यांना भास व्हायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं मला हेच सांगितलं. आम्ही कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते बोलत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड होता.

"मैडम, आपकी माताजी सबकी घंटी बजा रही हैं. कंप्लेंट आ रही है."

पाठोपाठ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. सोळाव्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं होतं, सतराव्यावरची आंटी आमच्या मजल्यावर येऊन आरडाओरडा करतेय, फॅमिलीनं लक्ष द्यावं. हेमलताचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या बाईनं स्वतःबद्दल एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं, तिचं घर आता तीनशे फ्लॅटांच्या ग्रुपवर होतं. तिची अवस्था बघून मीही बरोबर निघाले. आम्ही टॅक्सी केली.

लिफ्टचं दार उघडलं तर समोर कौशल्याबाई. पदर खोचलेला, केस सुटलेले, दोन्ही तळहातांनी मल्होत्रांचं दार बडवत होत्या. गार्ड बाजूला अवघडून उभा होता.

"आई, आधी घरात चला," हेमलता दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही येणार. मी सगळी दारं फिरून आले. हेच आहे. आत माणूस पडलाय."

"अहो आई, ते मल्होत्रा आहेत. पंजाबी आहेत ते. गावाला गेले असतील."

कौशल्याबाई वळल्या. एवढं चिडलेलं मी त्यांना नंतरही कधी पाहिलं नाही. "पंजाबी माणूस 'आई गं' म्हणून कण्हतो का गं?"

हेमलता सरळ घरात गेली, न्हाणीघरात स्टूल ओढलं, वर चढली आणि वरची काचेची झडप जोर लावून उघडली. बाहेर पाइपांचा उभा बोगदा, त्याला इथले लोक शाफ्ट म्हणतात. पलीकडच्या भिंतीत हातभर अंतरावर तशीच दुसरी झडप, अर्धवट उघडी. मी खाली स्टूल धरून उभी होते. आधी काही नाही. मग प्लास्टिकचा मग फरशीवर आपटल्यासारखा एक आवाज, आणि त्यामागून एक घोगरा शब्द.

"पाणी."

पानी नव्हे. पाणी. तो 'ण' मीसुद्धा खालून स्पष्ट ऐकला. हेमलता स्टुलावरून उतरली नाही, जवळजवळ पडलीच. "तोडो दरवाज़ा!" असं ओरडत ती बाहेर धावली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होते.

सोसायटीच्या सुतारानं कुलूप फोडलं. न्हाणीघराचं दार आतून अडलं होतं, कारण ते दाराला लागूनच पडले होते. फट करून आधी बारक्या कौशल्याबाईच आत शिरल्या. आदल्या दिवशी सकाळी पाय घसरला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन बाहेर टेबलावर. नळ समोर दिसत होता, पण तिथवर सरकणं जमलं नव्हतं. दीड दिवस ते तसेच पडून होते. कौशल्याबाईंनी चमच्यानं पाणी पाजलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आलात का? मला वाटलं ऐकू जात नाहीये."

अॅम्ब्युलन्समध्ये हेमलतानं कागदपत्रांसाठी नाव विचारलं, तेही हिंदीत, सवयीनं.

"शांताराम भिसे," ते म्हणाले. "मूळ गाव वाई. मल्होत्रा घरमालक आहे."

हेमलतानं माझ्याकडे पाहिलं. पाच महिने ती या माणसाला मल्होत्राजी म्हणत होती आणि तो मान लववत होता.

तेवढ्यात तिच्या फोनवर ग्रुपचे मेसेज येऊ लागले. कोणीतरी लिहिलं होतं, 'RIP मल्होत्राजी'. त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. कंप्लेंट केलेल्या बाईंचेही हात त्यात जोडलेले. माणूस जिवंत होता, आमच्यासमोर पाण्याचे घोट घेत होता, आणि मल्होत्राही नव्हता. हेमलता फोन हातात धरून बसून राहिली. तिला उत्तर टाइप करता येईना. शेवटी तिच्या हातातून फोन घेऊन ते मी टाइप केलं.

ऑपरेशन नीट झालं. मुलगा सुधन्वा कोइमतूरहून आला. तो बापाला रोज संध्याकाळी फोन करायचा, त्या दोन दिवसांत प्रवासात असल्यानं राहून गेलं होतं. तो रडत रडत कौशल्याबाईंच्या पाया पडला. त्यांना कसं वागावं तेच कळेना.

शुद्धीवर आल्यावर भिसेकाकांशी नीट बोलणं झालं ते एका दुपारी. हेमलता एकटीच गेली होती, नंतर तिनं मला सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "काका, आम्ही मराठी आहोत हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुमचं स्वयंपाकघर आणि माझं त्याच शाफ्टला आहे ना. तुमच्या सासूबाई बोलायला लागल्या की मी गॅस बारीक करून ऐकत बसायचो. बायको गेल्यापासून घरात मराठी ऐकलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नमस्ते मल्होत्राजी म्हणायचात आणि फोनमध्ये बघायचात. वाटलं, नको असेल तुम्हाला. आणि तुम्ही आलात त्याच आठवड्यात तुमचा आणि सासूबाईंचा वाद झाला. कोणाला काही सांगायचं नाही म्हणून. मुलगी दत्तक आहे ते त्यात आलं. चुकून ऐकलं मी. त्यानंतर तर बोलायची हिंमतच होईना. तुम्हाला वाटलं असतं, या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे."

हे सांगताना हेमलता माझ्यासमोर कॅन्टीनमध्ये बसली होती. पुढ्यातला चहा तिनं उचललाच नाही. "ताई, मी शहर बदललं," ती म्हणाली. "चारशे-पाचशे घरं पाहिली फोनवर. आणि आम्ही येऊन आठवडा होत नाही तोच समोरच्या घरात माहीत होतं. आणि त्या माणसानं ते कोणाला सांगितलं नाही. मला तर सांगितलंच नाही. आणि तो पडला तेव्हा मी आईंना वेड लागलं म्हणून डॉक्टर शोधत होते."

मलाही तो डॉक्टर बरोबरच वाटला होता.

त्या रात्री तिनं सासूबाईंची माफी मागितली. कौशल्याबाई म्हणाल्या, "माफी राहू दे. मला शेजारी कोण कोण आहे ते नावानिशी सांग." हेमलताला एकही नाव सांगता आलं नाही.

भिसेकाकांना सुधन्वा कोइमतूरला घेऊन गेला. जाण्याआधी ते चाकाच्या खुर्चीवरून दुधाण्यांकडे जेवायला आले, कौशल्याबाईंनी भरली वांगी केली. वैभवीला त्यांनी शाळेचं विचारलं, दुसरं काही नाही. ते गेले आणि समोरचं दार बंद झालं. नंतर कित्येक दिवस हेमलता आंघोळीला गेली की आधी नळ बंद ठेवून नुसती उभी राहायची. हे उल्हासनं मला सांगितलं.

फेब्रुवारीत तिला क्वार्टर मिळत असल्याचं कळलं, आमच्याच कॉलनीत. मला वाटलं, आता ती नाही म्हणणार नाही. एका रविवारी सगळं कुटुंब घेऊन बघायला आली. उल्हास खिडक्या तपासत होता, वैभवी रिकाम्या खोल्यांतून ओरडून प्रतिध्वनी ऐकत होती. आणि हेमलता दिसेना. मी जिन्यात डोकावले तर ती समोरच्या दारापाशी उभी होती. दार उघडणाऱ्या बाईला सांगत होती, "मैं हेमलता. शायद हम सामने आ रहे हैं. आपका नाम?"

आणि उत्तर ऐकेपर्यंत ती तिथून हलली नाही.