बक्षिसाला न थांबणारा ट्रॅक

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. शाळा चौथीतच सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

कचरूदादांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते.

"ताई, तुमचा बाजा थांबतच न्हाई. मी थांबलो, पब्लिक थांबली, बाजा आपला पुढं."

कचरूदादा कुरुंद्याचे जुने गायक. त्यांची गायन पार्टी होती. बँजोवाला पुण्याला कंपनीत गेला, ढोलकीवाल्याचा हात थरथरायला लागला. मग त्यांनी मला एका जुन्या भीमगीताचा ट्रॅक करायला सांगितला. गावोगाव त्याची फर्माईश होते. ट्रॅक म्हणजे गायकाशिवायचं गाणं. मी ते घरीच, आखाडा बाळापूरला, लॅपटॉपवर करते. वाद्यं लॅपटॉपच्या आतच असतात. छोट्या कीबोर्डवर बोट दाबलं की सतार वाजते, तेच बोट ढोलकीही वाजवतं. या वादकांशी बोलावं लागत नाही. माझ्यासारख्या लाजऱ्या बाईला असेच वादक परवडतात.

दादांनी दीड हजार ॲडव्हान्स दिला होता. त्याची मी व्हायोलिनं विकत घेतली, म्हणजे त्यांचे आवाज. नवऱ्यानं विचारलं, "कुठं ठेवली?" मी लॅपटॉपकडं बोट दाखवलं. त्यांनी लॅपटॉप उचलून खालीही बघितलं.

पैसे वसूल व्हावेत म्हणून मी जागा दिसेल तिथं व्हायोलिनं घातली. आणि नेमकी एक जागा सोडायची विसरले.

आमच्याकडं गाणं चालू असताना कोणी बक्षीस दिलं की गायक मधेच थांबतो. देणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम माईकवर सांगतो. तोवर ढोलकी हळू ठेका धरून राहते. मग अंतरा उचलायचा. माझे वडील अशाच पार्टीत ढोलकी वाजवायचे, मी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचे. पण ट्रॅक मी मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून केला. रेकॉर्डिंगमध्ये कोण बक्षीस देणार?

ट्रॅकवरच्या पहिल्याच कार्यक्रमात सरपंचाच्या काकांनी बक्षीस दिलं. अर्धं नाव व्हायोलिनांखाली गेलं. दादा नाव संपवेपर्यंत ट्रॅक दुसऱ्या अंतऱ्यात. लोक हसले. काका रागावले. नंतर एकानंही खिशात हात घातला नाही, आणि पार्टीची खरी कमाई तीच. आता पुसेगावचा कार्यक्रम होता. तिथंही असंच झालं असतं तर दादांना पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

"पैसे वापस द्या, न्हाईतर बाजाला थांबायला शिकवा," दादा म्हणाले.

घाबरून मी दोन्ही कबूल केलं. शिलाईचे हजार होते, ते दिले. पाचशे द्यायचे राहिले.

मग प्रत्येक अंतऱ्याआधी नुसता ढोलकीचा ठेका गोल फिरत ठेवला. याला लूप म्हणतात. बटण दाबेपर्यंत तो फिरतो, दाबलं की अंतरा सुरू. व्हायोलिनं सगळी काढली. नवरा म्हणाला, "म्हणजे आता तिथंही न्हाईत."

राहिला प्रश्न बटणाचा. दादांचा एक हात माईकला, दुसरा कानाला.

"तुमीच या," ते म्हणाले.

"मला स्टेजवर जमत न्हाई."

"मग काय बाळापूरहून दाबता?"

पुसेगावला मी लॅपटॉप घेऊन स्पीकरच्या खोक्यामागं बसले. त्याआधी उरलेले पाचशे दादांच्या हातात कोंबले. पहिलं बक्षीस आलं. दादा थांबले, ठेका फिरला, नाव स्वच्छ ऐकू गेलं, मी बटण दाबलं. अंतरा बराबर उचलला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पुढच्या अंतऱ्याआधी ठेका आला, तशी दादा पुन्हा थांबले. "आखाडा बाळापूरच्या सुमनताई. यांच्याकडून पाचशे रुपये."

टाळ्या पडल्या. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. ठेका फिरतोय, फिरतोय. शेवटी दादा खोक्यामागं वाकले. "ताई, सोडा की आता. का अजून एकदा नाव घेऊ?"

मी दाबलं.

कार्यक्रम संपल्यावर मी म्हणाले, "दादा, ते बक्षीस नव्हतं. तुमचाच ॲडव्हान्स होता."

"व्हय, मला ठाऊक हाय. पब्लिकला कुठं ठाऊक? तुमचं पाहून बाकीच्यांनी खिसे उघडले न्हाईत का?"

उघडले होते. तेव्हापासून ट्रॅक हाती घेण्याआधी मी पहिलं हेच विचारते, मधे नावं घेणार का? आणि बटण दाबायला तुमचा माणूस आहे का?

दादांचे दीड हजार पुरे फिटले. ट्रॅक त्यांच्याकडंच राहिला. त्याचे पैसे मागायची मला लाज वाटली.